अक्षर आतल्या बाजूला

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

जुन्या शुभेच्छापत्रांचं काय करू, असं तू फोनवर विचारलंस आणि मी "टाकू नकोस" एवढंच म्हणालो. नीट उत्तर लिहूनच द्यावं असं वाटलं. त्यांची पेटी शिव. माझी तू पाहिली आहेस, निळ्या लोकरीने शिवलेली, कपाटात वरच्या खणात असते ती.

हातात लगेच कात्री घेऊ नकोस. सगळी कार्डं जमिनीवर पसर आणि एकेक वाच. पहिल्या वेळी मी घाई केली. फुलांचं चित्र बरोबर मधोमध यावं म्हणून कार्ड बंद ठेवूनच कापलं, आणि आत तुझ्या आजीने लिहिलेल्या चार ओळींतली शेवटची तुटली. 'तुझी आई'मधलं 'तुझी' तेवढं राहिलं. आजी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तेव्हा कापण्याआधी प्रत्येक कार्डाचा आतून-बाहेरून फोटो काढ, आणि ज्यावर कात्री ठेवताना हात थांबेल ते कापूच नकोस. ते पेटीच्या आत राहील.

आता शिवण्याचं. कार्ड घडीवर कापलं की दोन पानं होतात, एक चित्राचं आणि एक मजकुराचं. ती पाठीला पाठ लावून ठेवायची, चित्र बाहेर आणि अक्षर आत. एका कार्डात एक भिंत होते. चार भिंती, एक तळ, एक झाकण अशी सहा कार्डं लागतात. बहुतेक जण आतून रंगीत कागद चिकटवून लिखाण झाकून टाकतात. मला ते मुळीच पटत नाही. झाकण उघडल्यावर माणसांची अक्षरं दिसावीत, यासाठीच तर हा खटाटोप.

तळ १२ सेंटिमीटर चौरस, भिंती १२ बाय ८, झाकण प्रत्येक बाजूने दोन-तीन मिलिमीटर मोठं. कडेपासून ४ मिलिमीटर आत, साधारण दर ६ मिलिमीटरवर भोक पाडायचं. १२ सेंटिमीटरच्या कडेवर १९ भोकं बसतात, ८ च्या कडेवर १३. जिथे दोन कडा जुळणार तिथे भोकांची संख्या सारखीच हवी, नाहीतर कोपरा तिरका ओढला जातो. जाड पुठ्ठ्यावर एकदा आखून घे आणि त्यावरूनच सगळी भोकं पाड, खाली जुनं मासिक ठेवून, टोच्याने. मग प्रत्येक भिंतीला चारी बाजूंनी काजाचा टाका घाल (दोरा कडेवरून वळवून दर वेळी त्याच्याच फासातून काढायचा), म्हणजे दोन्ही पानं एकत्र बांधली जातात. शेवटी शेजारच्या भिंतींचे टाके एकमेकांत ओवून घे. झाकण फक्त मागच्या एका कडेला शिवायचं. दोरा फार खेचू नकोस, भोक फाटतं.

गोंदाची गरज नाही. कागद ओला झाला की वाकतो, आणि चिकटपट्टी तर काही वर्षांत पिवळी पडून डाग सोडते. चमकी लावलेली कार्डं बाजूला काढ, ती वर्षानुवर्षं झडत राहते. गाणं वाजणारं कार्ड असेल तर आतली बटणाएवढी बॅटरी आधी काढून टाक. ती गळली तर कागद खराब होतो, आणि घरात लहान मूल आलं तर फार धोक्याची, गिळली तर घसा-अन्ननलिका जाळते. पेटी उन्हात ठेवू नकोस, शाई उडते.

हे लिहिताना आठवलं. पहिलं छापील नाताळ कार्ड १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी काढलं, चित्र जॉन हॉर्सली यांचं. शुभेच्छा छापलेल्या होत्या, पण कोणाला आणि कोणाकडून, या दोन जागा कोऱ्या ठेवल्या होत्या, हाताने भरायला. तुझ्या पिशवीतल्या कार्डांवरचे छापील शब्दही असेच हजारोंना गेले असतील. त्यात हाताने लिहिलेलं जेवढं असेल तेवढंच तुझं, म्हणून भिंत कापताना चित्राचं डोकं उडालं तरी चालेल, सही उडता कामा नये.

पुठ्ठ्याचा साचा पत्रासोबत पाठवतोय. १२ सेंटिमीटरच का, असं तू विचारशीलच. पाच वर्षांचा असताना तू मला स्वतः एक कार्ड करून दिलं होतंस, कागद दुमडून, त्यावर हिरवा सूर्य आणि खाली 'बाबा', पहिला 'ब' उलटा. त्याची घडी १२ सेंटिमीटर चौरस आहे. ते न कापता सपाट मावावं म्हणून मी पेटी त्या मापाची बेतली.

तुझा,
बाबा