जुळे सोलापूरच्या काकांना, अरबी समुद्राबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव छापू नकोस म्हणालात, म्हणून नुसतं काका. आभार मात्र चारचौघांतच मानणार. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला अरबी समुद्र घेतला तेव्हा ‘सोलापुरात बसून समुद्र?’ असं हसणारे पुष्कळ भेटले. नकाशा पुढ्यात घेऊन बसणारे तुम्ही एकटे.

तुमचं पहिलं वाक्य होतं, “तापमान राहू दे, आधी वारा बघ.” जुलैचा समुद्राच्या तापमानाचा रंगीत नकाशा बाजूला सारून त्याच आठवड्यातल्या वाऱ्याचा नकाशा काढायला लावलात. सोमालियाच्या किनाऱ्याला समांतर, ईशान्येकडे निघालेले लांबच लांब बाण. हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये मांडलेला वाऱ्याचा झोत तो हाच. मग पेन्सिलीने तुम्ही प्रत्येक बाणाला काटकोनात, उजव्या हाताला, एकेक छोटा बाण जोडत गेलात. सगळे छोटे बाण किनारा सोडून खोल समुद्राकडे! बशीतल्या चहावर फुंकर मारली की साय सरकते आणि खालचा चहा उघडा पडतो, तसंच. फक्त पृथ्वी फिरते म्हणून इथली साय फुंकरीच्या उजवीकडे जाते. ध्रुवसंशोधक नान्सेनला आर्क्टिकमध्ये बर्फ वाऱ्याच्या उजवीकडे वाहताना दिसला आणि समुद्रशास्त्रज्ञ एकमनने १९०५ मध्ये त्याचं गणित मांडलं, हे पुस्तकात मी वाचलेलं होतं. पण त्या पेन्सिलीच्या बाणांवर रंगीत नकाशा ठेवला, तेव्हा कुठे ते अंगात मुरलं. मे महिन्यात २९-३० अंशांवर असलेला समुद्र ऐन पावसाळ्यात सोमालियाजवळ २० अंशांच्या आसपास येतो, कारण वरचं पाणी वाऱ्याने ढकललं आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी वर आलं. ती गार जीभ किनाऱ्यालगत थांबतही नाही; तिथला मोठा भोवरा तिला वळसा घालून आत ओढून नेतो.

हे तापमानाचे नकाशे उपग्रहांवरून येतात; त्या उपग्रहाचा डोळा कोणता, हे विचारायची सवयही तुमचीच. अवरक्त किरणांनी बघणाऱ्याला ढगांपलीकडचं दिसत नाही, म्हणजे नेमक्या पावसाळ्यात नकाशाला भोकं. १९९७ मध्ये सोडलेल्या टीआरएमएम (TRMM) या पाऊस मोजणाऱ्या उपग्रहावरचं सूक्ष्मलहरींचं उपकरण ढगांआडूनही बघायचं. पण किनाऱ्याला खेटून असलेलं पाणी त्याच्या हाती लागत नसे. आणि वारा पडलेल्या दुपारी पाण्याचा वरचा पातळ थर एकटाच तापतो, म्हणून अशा वेळचा आकडा जपून घ्यायचा.

सगळ्यात आवडलं ते उलटं नातं. गार पाण्यावरची हवा जड होऊन खाली बसते, वरचा जोरकस वारा पृष्ठभागापर्यंत उतरत नाही, आणि तिथे वारा मंदावतो. उबदार पाण्यावर वाढतो. म्हणजे वारा समुद्राला घडवतो आणि समुद्रही वाऱ्याला थोडं मागे ओढतो. याला तुम्ही ‘सासू-सुनेचं’ म्हणालात; प्रबंधात घालता आलं नाही.

हाच नैऋत्येचा वारा पुढे सह्याद्रीवर पाणी ओततो आणि आपल्याकडे येईपर्यंत हात झाडून मोकळा होतो. तरीही आमच्या विभागात समुद्र परका का, हे कळत नाही. ज्याच्या वाटेकडे जून महिनाभर डोळे लावून बसायचं, तो येतो कुठून हे तरी ठाऊक हवं.

तुमची पेन्सिलीची ती शीट मी परत करणार नाही, हे आधीच सांगते. लॅमिनेशन करून घेतली आहे. काकूंसाठी शेंगाचटणी पाठवते आहे, आईच्या हातची.

आता गेल्या हिवाळ्याचे नकाशे उतरवून घेतलेत. त्यात गार पट्टा सोमालियाला नाही, वर उत्तरेला आहे. कोरडा ईशान्य वारा बाष्पीभवन वाढवून पाणी वरूनच गार करतो आणि ते जड होऊन खाली मिसळतं, इथपर्यंत माझं मला जमलं. पुढचं अडलंय. गड्ड्याच्या यात्रेची गर्दी ओसरली की वाऱ्याचे नकाशे घेऊन येते.

तुमची,
भूगोलवाली