फोटो काढला कसा, तेही विचारा : वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

आपल्या खात्याच्या निसर्ग छायाचित्र स्पर्धेची नियमावली यंदाही शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. फाइल केवढी हवी, फोटोवर नाव नको, शेवटची तारीख कोणती, सगळं नीट दिलंय. फोटो काढला कसा, हे मात्र कुणीच विचारलेलं नाही.

मला एका स्पर्धेत हे विचारलं असतं तर माझं बक्षीस हुकलं असतं. बुलबुल पिलांना किडा भरवतोय, असा तो फोटो होता. घरट्यापुढे दोन फांद्या आड येत होत्या, त्या मी दोरीने मागे ओढून बांधल्या. तासाभरात हवी ती फ्रेम मिळाली, दोरी सोडली आणि निघालो. दोन दिवसांनी गेलो तर घरटं रिकामं. पिलं कावळ्याने नेली की सापाने, मला सांगता येणार नाही. पण ज्या पानांच्या आडोशाने घरटं झाकलेलं होतं ती माझ्या दोरीने पिरगळून सुकली होती. परीक्षकांनी प्रकाशाची तारीफ केली. प्रदर्शनात लोक फोटोपुढे थांबून ‘किती गोड!’ म्हणत होते आणि मी शेजारी उभा राहून हसत होतो.

मी एकटाच असा नाही. घुबड झेप घेताना हवं म्हणून समोर जिवंत उंदीर सोडतात. मोबाइलवर पक्ष्याची साद वाजवतात. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो बिचारा चारा शोधायचं सोडून भांडायला धावतो. बेडूक आणि किडे फ्रीजमध्ये गारठवून सुस्त करतात, मग फांदीवर ‘पोझ’मध्ये बसवतात. अशा फोटोंना लाइक भरपूर मिळतात, हे वेगळं सांगायला नको.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेलाही हा फटका बसलाय. 2009 चा विजेता होता फाटकावरून उडी मारणारा लांडगा. तो बहुधा माणसाळवलेला आहे असं ठरलं आणि 2010 च्या जानेवारीत फोटो बाद झाला. 2017 मध्ये वारुळाशी आलेल्या मुंगीखाऊच्या फोटोला बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला, की तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला असण्याची दाट शक्यता आहे. दोन्ही वेळा म्युझियमने बक्षीस जाहीरपणे काढून घेतलं. त्यात त्यांची लाज गेली असं मला वाटत नाही. याच स्पर्धेत 2020 साली सर्गेई गोर्शकोव्ह यांचा झाडाला मिठी मारणारी वाघीण दाखवणारा फोटो पहिला आला. त्यासाठी जंगलात लावलेले कॅमेरे अकरा महिने वाट पाहत होते.

फोटोत ताकद असते, म्हणूनच त्याच्या खरेपणाचा आग्रह. अमेरिकन छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्स यांनी 1861 मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या दरीचे फोटो काढले. 1864 मध्ये ती दरी राखून ठेवणारा कायदा राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या सहीने झाला, त्यामागे त्या फोटोंचाही वाटा होता.

तेव्हा विनंती अशी. प्रत्येक फोटोसोबत तो कसा काढला याच्या चार ओळी मागा आणि प्रदर्शनात त्या फोटोखाली छापा. अंतिम फेरीतल्या प्रत्येकाकडून मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली, हात न लावलेली फाइल घ्या. आमिष, साद आणि वापरातलं घरटं यांना सरळ बंदी घाला. दुर्मिळ प्राण्याच्या फोटोतलं जीपीएस ठिकाण पुसूनच तो प्रसिद्ध करा. शिकारीही इंटरनेट वापरतात. आणि परीक्षकांत एक वनरक्षक बसवा. आम्ही रंगसंगती बघत बसतो, तो बघेल जनावर घाबरलेलं आहे का.

(आलेल्या प्रत्येक फोटोवर आयोजकांचा कायमचा हक्क, हे कलमही मला खटकतं. पण ते भांडण पुन्हा कधीतरी.)

माझा तो बुलबुल मोठा करून एका सरकारी कार्यालयाच्या जिन्यात लावलेला आहे. तो उतरवा असं मी म्हणत नाही. खाली दोरीबद्दलची ओळ लिहायला मात्र बोलवाल त्या दिवशी येईन.

आपला,
एक छायाचित्रकार