प्रवाळ आणि बाळंतिणीचे औषध

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत मालवणच्या प्रवाळांविषयी एक पत्र आले होते. दवाखान्यात माणसांना औषधे मिळेनात आणि सरकार मात्र समुद्राच्या तळचे दगड जपत बसले आहे, असा त्याचा सूर होता. दवाखान्याबद्दलची त्यांची कळकळ मला शंभर टक्के मान्य आहे. या जिल्ह्यात मी सतरा वर्षे एचआयव्ही समुपदेशक म्हणून कंत्राटावर काम केले. गरोदर बायांची तपासणी, आईकडून बाळाला होणारी लागण थांबवणे, हेच माझे रोजचे काम. औषध संपले की आम्हीच शेजारच्या केंद्रांना फोन लावत बसायचो. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. दगड आणि दवाखाना अशी त्यांनी केलेली वाटणी मला पटत नाही.

एचआयव्ही असलेल्या आईकडून बाळाला विषाणू तीन वाटांनी जातो: पोटात असताना, बाळंतपणात आणि अंगावरच्या दुधातून. काहीच उपचार केले नाहीत तर शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होते. 1994 पर्यंत ही लागण रोखणारे एकही सिद्ध झालेले औषध जगात नव्हते. त्या वर्षी अमेरिका आणि फ्रान्समधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. एझेडटी, म्हणजे झिडोव्ह्युडीन, हे औषध आईला गरोदरपणात आणि प्रसूतीच्या वेळी आणि बाळाला पहिले सहा आठवडे दिले. औषध न मिळालेल्या गटात लागणीचे प्रमाण 25.5 टक्के होते, मिळालेल्या गटात ते 8.3 टक्क्यांवर आले. आमच्या प्रशिक्षणात हे दोन आकडे फळ्यावर लिहिले होते. ते मी आजही विसरलेले नाही.

या एझेडटीमागची गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी कळली. ती सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पुरे होणार नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिणेला एलियट की नावाचे बेट आहे. ते बेटच मुळी जुन्या प्रवाळांच्या चुनखडीचे आहे. 1945 मध्ये येल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ वेर्नर बर्गमन यांनी त्याच्या उथळ पाण्यातून एक स्पंज गोळा केला. स्पंज म्हणजे आपली मुले शाळेत 'रंध्रीय प्राणी' म्हणून शिकतात तो. हा तर वाळूने आणि शेवाळाने माखलेला, दुरून धोंडाच वाटेल असा. 1950-51 मध्ये बर्गमन आणि त्यांचे सहकारी फीनी यांनी त्यातून वेगळे काढलेल्या पदार्थांची माहिती प्रसिद्ध केली. हे पदार्थ डीएनए-आरएनएच्या तुकड्यांसारखेच होते, पण त्यांतली साखर वेगळी होती. नेहमीच्या रायबोजच्या जागी अरॅबिनोज. साखर बदलली की तो तुकडा सजीवाच्या कामाचा राहत नाही, अशी तोवर रसायनशास्त्रज्ञांची समजूत होती. या स्पंजाने ती मोडली.

मग प्रयोगशाळांत साखर बदललेले असे तुकडे मुद्दाम बनवायला सुरुवात झाली. त्यांतून आलेले सायटाराबीन आजही रक्ताच्या कर्करोगात देतात. विडाराबीन हे नागिणीच्या कुळातल्या विषाणूंवरचे सुरुवातीच्या औषधांपैकी एक. एझेडटी 1964 मध्ये डेट्रॉइटच्या जेरोम हॉर्विट्झ यांनी कर्करोगासाठी बनवले. तिथे ते चालले नाही आणि बाजूला पडले. वीस वर्षांनी एड्सवर औषध शोधताना ते पुन्हा बाहेर काढले आणि मार्च 1987 मध्ये त्याला मान्यता मिळाली. एझेडटी स्पंजातून पिळून काढलेले नाही, हे मी स्पष्ट सांगते, कारण समाजमाध्यमांवर तसे लिहिलेले मी वाचले आहे. स्पंजाने वाट दाखवली, चालली माणसेच.

आपल्याकडच्या चिरेबंदी बांधकामाचा दाखला घ्या. विषाणू शरीरात शिरला की चिऱ्यावर चिरा ठेवत स्वतःचा डीएनए रचतो. एझेडटी हा हुबेहूब दिसणारा, पण वरची बाजू बिघडवलेला चिरा. विषाणू तो बसवतो आणि त्यावर पुढचा चिरा बसतच नाही. काम तिथेच थांबते. आज गरोदर बायांना एझेडटी सहसा देत नाहीत. तीन औषधांची एकच गोळी देतात आणि ती आयुष्यभर घ्यायची असते. पण त्या गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडीन हीही खोट्या चिऱ्याच्याच कुळातली आहेत.

आता एका बाईबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ती आठव्या महिन्यात पहिल्यांदा आमच्याकडे आली. त्याआधी एका खाजगी प्रसूतिगृहात नाव घातले होते, पण रिपोर्ट बघून त्यांनी 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून परत पाठवली. (एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायला 2017 च्या कायद्याने मनाई आहे. तेव्हा तो कायदा नव्हता. आज असूनही किती जणींना माहीत आहे?) त्याच दिवशी रक्त घेतले, दोन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या. उशीर झाला होता, म्हणून बाळाला नेव्हिरॅपीन या एचआयव्हीरोधक औषधाचे सिरप सहाऐवजी बारा आठवडे द्यायचे ठरले. सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थेंब थेंब कसे सोडायचे ते मी तिला चार वेळा पाण्याने करून दाखवले. बाळ सहा आठवड्यांचे झाले तेव्हा त्याची टाच कोमट फडक्याने शेकली, टोचली आणि कार्डावरची पाच वर्तुळे रक्ताने भरली. ते कार्ड वाळेपर्यंत ती त्याच्यावरून नजर काढेना. जणू उत्तर तिथेच उमटणार होते.

पहिला रिपोर्ट चांगला आला, तरी आम्ही 'सुटला' म्हणत नाही. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे बाळात बरेच महिने राहतात, त्यामुळे ती प्रतिपिंडेच शोधणारी साधी तपासणी फसवते. शेवटचा शब्द अठराव्या महिन्याला. त्या दिवशी ती सकाळी साडेआठलाच बाकावर येऊन बसली होती, पोरगा चप्पल तोंडात घालत होता. रिपोर्ट हातात घेऊन मी बाहेर आले तेव्हा तिने एवढेच विचारले, "ताई, माज्या झिलाक काय नाय मा?" काही नव्हते. तिच्या ओटीत मी तो कागद ठेवला, तेव्हा तो समुद्रातला स्पंज माझ्या डोक्यात नव्हता, कारण मला तो तेव्हा ठाऊकच नव्हता. आज ठाऊक आहे.

आईकडून पिल्लाला काही जाण्याला डॉक्टर 'व्हर्टिकल ट्रान्समिशन' म्हणतात. प्रवाळांचा अभ्यास करणारेही नेमका हाच शब्द वापरतात. प्रवाळ दगड नव्हे, बहुधा मुगाएवढ्या किंवा त्याहून बारीक प्राण्यांची ती वस्ती. चुन्याची घरे बांधत ते वाढतात, आणि त्यांच्या अंगात राहणारे सूक्ष्म शैवाल उन्हावर त्यांच्यासाठी अन्न तयार करते. मालवणला आढळणाऱ्या पोरायटीस जातीच्या प्रवाळात हे शैवाल आई अंड्यातूनच पिल्लाला देते. दुसऱ्या काही जातींच्या पिल्लांना ते समुद्रातून शोधावे लागते. पाणी फार तापले की हे शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरा पडतो आणि उपाशी मरू शकतो. 2024 मध्ये लक्षद्वीपमध्ये हे मोठ्या प्रमाणावर झाले.

समुद्राच्या तळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेत प्रवाळ आहेत, आणि समुद्रातल्या सुमारे चौथाई जाती त्यांच्या आश्रयाने राहतात. आपल्या वाट्याला मालवणचे सागरी अभयारण्य आले आहे, 1987 सालचे, 29.12 चौरस किलोमीटरचे. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे आंग्रिया बँक हे पठार पाण्याखाली आहे. त्यांत कोणता जीव कोणते रसायन बाळगून आहे, याचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही.

गेल्या मे महिन्यात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांच्या होडीने टाकलेला लोखंडी नांगर ओढताना मी पाहिला. नांगराला अडकून परातीएवढा प्रवाळाचा तुकडा वर आला. होडीवाल्याने तो पायाने परत पाण्यात ढकलला. त्या पोरावर माझा राग नाही, त्याला होडी बांधायला तरंगता बोया कुणी दिला आहे? पोरायटीस वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. परातीएवढा व्हायला त्याला किती वर्षे लागली असतील? होड्यांसाठी कायमचे बोये बसवा, प्रवाळावर उभे राहून फोटो काढू नका, गावाचे सांडपाणी थेट समुद्रात सोडू नका. यातली एकही मागणी दवाखान्याच्या पैशांवर डोळा ठेवणारी नाही.

आणि घरात कुणी गरोदर असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच एचआयव्हीची तपासणी करून घ्या. सरकारी केंद्रात ती मोफत असते, रिपोर्ट गुप्त राहतो. आठव्या महिन्याची वाट बघू नका.

त्या पत्रलेखकांना माझी विनंती आहे. औषधांच्या तुटवड्यावर त्यांनी आणखी एक पत्र लिहावे, कुठल्या केंद्रात काय मिळत नाही ते नेमके लिहावे. त्याखाली माझीही सही घ्यावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त समुपदेशक, मालवण
(माझ्याकडे आलेल्या बायांची ओळख पटू नये म्हणून कृपया नाव छापू नये.)