रिकामा असायला हवा तो फोल्डर

ताई,
सप्रेम नमस्कार.

त्या रात्री फोन ठेवताना तुमचे आभार मानायचेही राहून गेले. म्हणून हे उघड पत्र. माझ्यासारखं कुणी अडकलं असेल तर त्यालाही उपयोगी पडेल.

लिनक्सवर चालणाऱ्या माझ्या संगणकाची डिस्क १०० टक्के भरली होती आणि मी घाबरून मोठे फोल्डर पुसायला निघाले होते. त्यात आठ वर्षांत घेतलेल्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणं होती. त्यातली काही माणसं आता हयात नाहीत. एनएएसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवण-यंत्रावर, बॅकअप आहेच, या भरवशावर मी निर्धास्त होते. तुम्ही पहिलं वाक्य बोललात, "काहीही पुसू नकोस." दुसरं, "एनएएसवरची सगळ्यात नवी फाईल कधीची आहे, बघ." ती एकोणीस दिवसांपूर्वीची निघाली.

डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड साडेचारशे जीबी भरल्याचं सांगत होती, पण त्याच डिस्कवरच्या दिसणाऱ्या फाईली मोजणारी डीयू सव्वादोनशेवर थांबत होती. "जवळजवळ निम्मं? मग कुठेतरी दुसरी प्रत आहे," असं म्हणून तुम्ही मला शेअर, म्हणजे माझ्या मशीनला जोडलेला एनएएसवरचा फोल्डर, अनमाउंट करायला (तोडायला) लावलंत. तो जिथे जोडला जातो तो माझ्या डिस्कवरचा फोल्डर, म्हणजे माउंट पॉइंट, आता रिकामा दिसायला हवा होता. फोल्डरमधली यादी दाखवणारं एलएस दिलं, तर माझं सगळं होम (माझ्या सगळ्या फाईलींचा फोल्डर) तिथे रांगेनं उभं! वीज गेल्यानंतर मशीन एनएएसच्या आधी सुरू झालं होतं. सुरू होताना काय काय जोडायचं त्या यादीतल्या (एफएसटॅब) 'नोफेल' या पर्यायामुळे शेअर माउंट न होताही ते पुढे गेलं, आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमधलं, फाईलींची प्रत काढणारं आरसिंक रोज रात्री दोन वाजता माझ्याच डिस्कवर लिहीत राहिलं. नंतर मी शेअर हाताने माउंट केला तेव्हा तो ढीग त्याच्याखाली झाकला गेला.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच. सांबाच्या (नेटवर्कवरून फोल्डर वाटणारं सॉफ्टवेअर) शेअरवर सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे नेणारा दुवा) बनत नसल्याने आरसिंक रोज 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' अशी तक्रार करायचं. कटकट नको म्हणून मी त्या एरर डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कुणालाच न दिसणाऱ्या कचरापेटीत, टाकल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "ज्या रात्री एरर बंद झाल्या, त्याच रात्री घोळ झाला होता." माझ्या स्वतःच्या डिस्कवर सिमलिंक बनतात, म्हणून तक्रार थांबली होती. ते ऐकून मी गप्पच झाले.

मग आधी एनएएसवर ताजी प्रत पूर्ण होऊ दिली. ती चालू असताना तुम्ही सांगितलंत की सांबा सुरू करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनीच १९९६ मध्ये पॉल मॅकेरस यांच्यासोबत आरसिंक आणलं. मला ते तेव्हा कळलं. ढीग पुसायच्या आधी तुम्ही तीनदा, काय माउंट आहे ते दाखवणारं फाइंडमाउंट चालवायला लावलंत, कारण शेअर माउंट असताना पुसण्याचं आरएम दिलं असतं तर एनएएसवरचीच प्रत गेली असती. रिकामा झालेल्या फोल्डरला अनमाउंट असतानाच सीएचअ‍ॅटरने 'आय', म्हणजे यात बदल करता येणार नाही अशी खूण, लावली. आता माउंट नसेल तर रूटलाही (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यालाही) तिथे लिहिता येत नाही. बॅकअपच्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला शेअर माउंट आहे का याची (माउंटपॉइंट) तपासणी आहे, माउंटच्या पर्यायांत सिमलिंक बनू देणारं एमएफसिमलिंक्स आहे, आणि एरर मी रोज सकाळी वाचते.

काल तुम्ही सांगितल्याप्रमाणे एनएएसवरची एक फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणून ऐकली. चाळीस मिनिटांची मुलाखत, सुरुवातीच्या खाकरण्यासकट, पूर्ण वाजली.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
रात्री दोनला फोन करणारी