ऐकणारा दुसरा असतो

महोदय,

रविवारच्या पुरवणीत सकारात्मक विचारांवरील लेखात ख्रिस्ती प्रार्थनेलाही 'स्वयंसूचनेचाच प्रकार', म्हणजे एखादी गोष्ट स्वतःच स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून मनावर ठसवणे, म्हटले आहे. हे पटले नाही.

स्वयंसूचनेचे प्रवर्तक, फ्रान्समधील औषधविक्रेते एमिल कुए लोकांना सकाळ-संध्याकाळ 20 वेळा म्हणायला लावत, 'दिवसेंदिवस मी सर्व बाबतींत अधिकाधिक बरा होत आहे.' मोजायला गाठी मारलेली दोरी असे. (आमच्या रोझरीची, म्हणजे जपमाळेची, आठवण होते, हे मान्य!) पण तिथे बोलणारा आणि ऐकणारा एकच. प्रार्थनेत ऐकणारा दुसरा असतो आणि तो 'नाही'ही म्हणू शकतो. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवले; मात्र माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असेही म्हटले. प्याला टळला नाही. यशाच्या कोणत्या शिबिरात हे उदाहरण देतील?

शिवाय प्रार्थनेत रडायची, तक्रार करायची मुभा आहे. बायबलमधील 88व्या स्तोत्राचा तर शेवटही अंधारातच होतो. वधस्तंभावरून येशूने 22व्या स्तोत्राचीच पहिली ओळ उच्चारली: देवा, तू माझा त्याग का केलास?

सकारात्मक विचारांशी माझे वैर नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांचा उपयोग होतही असेल. पण 'श्रद्धेने मागा, गाडी-बंगला मिळेल' असे सांगणारे काही ख्रिस्ती प्रचारकही हीच गल्लत करतात आणि आजार बरा झाला नाही, की 'तुझाच विश्वास कमी पडला' म्हणून रुग्णाला बोल लावतात. लेखकाला टीका करायचीच असेल, तर त्यांच्यावर खुशाल करावी.

— एक वाचक, वसई