मॅनेजरकडे अडचण मांडताना

महोदय,

कामाच्या ठिकाणची अडचण मॅनेजरकडे न्यायची म्हटली की अनेकजण महिनोनमहिने गप्प बसतात आणि मग भर मीटिंगमध्ये सगळं एकदम बोलून टाकतात. चारचौघांत असं झालं की वरिष्ठ आधी स्वतःची बाजू सावरतात आणि अडचण बाजूलाच राहते.

त्यापेक्षा विषय सांगून वीस मिनिटांची वेळ मागावी. नुसतं ‘जरा बोलायचं होतं’ असं कळवलं तर समोरच्याला राजीनाम्याची शंका येते. ‘शिफ्टच्या बदलांबद्दल बोलायचं आहे’ असं लिहिलं तर तो माहिती घेऊन येतो. विषय एकच असावा. पगार, रजा आणि सहकाऱ्याचं वागणं एकाच बैठकीत काढलं, तर त्यातला सोपा विषय मार्गी लागतो आणि उरलेले ‘बोलणं झालंय’ म्हणून मागे पडतात.

‘शिफ्ट नेहमी ऐनवेळी बदलते’ हे वाक्य एका अपवादाने खोटं ठरतं. तारखा सांगाव्यात: ३, ९ आणि १७ तारखेला बदल आदल्या रात्री दहानंतर कळला, दोन शिफ्टच्या मधे आठच तास मिळाले, दुसऱ्या दिवशी नोंदींत चुका निघाल्या. लगेच मागणी ठेवावी: बदल ४८ तास आधी कळावा, महिनाभर करून पाहू, मग आढावा घेऊ. मॅनेजर ‘माझ्या हातात नाही’ म्हणाले, तर कोणाच्या हातात आहे आणि त्यांच्याकडे विषय कधी जाईल, हे तिथेच विचारावं.

खरा घोळ बैठकीनंतर होतो. तोंडी आश्वासन आठवड्याभरात दोघांना वेगवेगळं आठवतं. म्हणून त्याच दिवशी पाच-सहा ओळींचा ई-मेल पाठवावा: काय मांडलं, काय ठरलं, कोण कधीपर्यंत करणार, आणि ‘काही राहिलं असल्यास कळवावे’. या पहिल्या ई-मेलमध्ये एचआरला जोडू नये. कुरघोडी केल्यासारखं वाटतं. ठरलेली तारीख उलटली, की त्याच ई-मेलवर आठवण द्यावी. तारखांची टिपणं स्वतःकडे ठेवावीत, पण कंपनीच्या गोपनीय फायली खासगी खात्यावर पाठवू नयेत. तक्रार राहते बाजूला आणि कारवाई आपल्यावरच होते.

मॅनेजरच त्रास देत असेल, तर मात्र थेट एचआर किंवा तक्रार समितीकडे जावं, आलेले मेसेज तारखेसह जपून ठेवावेत. जिवाला धोका असेल, तर वेळ मागत बसू नये. काम थांबवून तत्काळ कळवावं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात हेच आहे: गंभीर धोका समोर असेल तर कामगाराने लगेच वरिष्ठाला सांगावं, आणि तो दूर होईपर्यंत मालकाने त्याला तिथे परत पाठवू नये.

मात्र लिहून देणाऱ्याने सगळं नीट केलं तरी ते पुरत नाही. अमेरिकेच्या चॅलेंजर या अंतराळयानाच्या रॉकेटमधल्या रबरी कड्यांबद्दल अभियंते रॉजर बॉइसजोली यांनी जुलै १९८५ मध्ये लेखी इशारा दिला होता. उड्डाणाच्या आदल्या रात्री अभियंत्यांनी थंडीमुळे विरोधही केला. व्यवस्थापनाने तो बाजूला सारला आणि २८ जानेवारी १९८६ रोजी सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. म्हणून मॅनेजर मंडळींना आग्रहाची विनंती: दोन दिवसांत पोच द्या, निर्णयाची तारीख सांगा, आणि नकार द्यायचा असेल तर त्याचं कारणही लेखी द्या.

– एक वाचक