दादा, तो 12 इंची स्क्रीन घेऊ दिला नाहीत त्याबद्दल थँक्यू

दादा,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, ती दोरी धर आधी" म्हणून विषय उडवून लावता, म्हणून यावेळी सगळ्यांदेखत लिहूनच टाकतोय.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा डोक्यात फक्त एकच भूत होतं, मासे शोधायच्या सोनारचा (पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून खालचं चित्र दाखवणारं यंत्र) 12 इंची स्क्रीन. बोट केवढी तर 18 फुटी! तुम्ही स्क्रीनचं नावही काढलं नाहीत, सरळ विचारलंत, "किती खोल पाण्यात जातोस?" मी म्हटलं 30, फार तर 40 मीटर. "मग आधी ट्रान्सड्यूसर ठरव, ऐकायचं काम तो करतो, स्क्रीन नुसता दाखवतो." (ट्रान्सड्यूसर म्हणजे बोटीच्या मागे पाण्यात बसणारा, आवाज सोडणारा आणि प्रतिध्वनी पकडणारा भाग.) तिथेच माझं अर्धं बजेट इकडचं तिकडे झालं.

त्या आवाजाची वारंवारता 50 किलोहर्ट्झ घ्यायची की 200, हा घोळही तुमच्यामुळेच सुटला. 50 वाला खोलवर पोचतो पण पसरट दाखवतो, 200 वाल्याचा शंकू (खाली पसरत जाणारा आवाजाचा झोत) अरुंद आणि चित्र बारीक, आपल्या खोलीला हाच बरा. वीस अंशांचा शंकू असेल तर तळाशी त्याची रुंदी खोलीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे 30 मीटरवर जेमतेम 10 मीटरचं वर्तुळ, हे तुम्ही डब्याच्या झाकणावर काढून दाखवलंत तेव्हा कळलं की मी इतकी वर्षं "खाली मासाच नाही" म्हणून परत फिरायचो तेव्हा तो बाजूलाच असेल कदाचित. आणि स्क्रीनवर माशाच्या जागी दिसते ती कमान! मला खरंच वाटायचं की तो माशाचा आकार आहे (हसू नका). बोट माशावरून जाताना अंतर आधी जास्त, मग कमी, मग परत जास्त, म्हणून कमान उमटते, आणि बोट उभी असेल नि मासाही हलत नसेल तर नुसती सरळ रेघ. चर्पवाला (एकाच वारंवारतेऐवजी वारंवारतांचा पट्टा वापरणारा) सोनार घे हेही तुम्हीच सांगितलंत, आता तळाला चिकटून असलेला मासा तळापासून सुटा दिसतो.

माझा शहाणपणा पण सांगतो. ट्रान्सड्यूसर मी स्वतःच बसवला, आणि बोटीने जरा वेग घेतला की तळाची रेघ गायब. मी मशीनला शिव्या घालत होतो. तुम्ही बोटीच्या मागे वाकून रिव्हेटची ओळ दाखवलीत, तिच्यामागून बुडबुडे येत होते आणि बरोब्बर ट्रान्सड्यूसरवरून जात होते. वीतभर बाजूला सरकवला, खालची कड तळाच्या किंचित खाली घेतली, झालं.

नंतर ते इंजिन स्टार्ट केलं की स्क्रीन टपकन काळा पडायचा ते प्रकरण. तुम्ही मीटर लावलात, 12.6 व्होल्ट होते ते स्टार्टर मारताच 9.4 वर आले. "मशीन चांगलं आहे रे, उपाशी आहे." मग स्क्रीनसाठी वेगळी बॅटरी, जाड वायर आणि फ्यूज बॅटरीला अगदी खेटून. त्यानंतर एकदाही काळा पडला नाही.

पण खरी मजा नेटवर्कच्या दिवशी. एनएमईए 2000 (बोटीवरची यंत्रं एकमेकांना जोडायचं नेटवर्क) च्या मेन लाइनच्या दोन टोकांना 120 ओहमचे दोन टर्मिनेटर (टोकाला लावायचे रेझिस्टर) हवेत, म्हणजे पॉवर बंद ठेवून मोजलं की 60 च्या आसपास यायला पाहिजे. मीटरवर आले 40. तुम्ही वर न बघताच म्हणालात, "तिसरा कुठे लपवलायस?" आणि खरंच, जीपीएसच्या फाट्यावर मी आपला एक जास्तीचा लावून ठेवला होता, टोक उघडं दिसलं म्हणून!

शेवटी 9 इंची घेतला. नकाशा आणि सोनार शेजारीशेजारी नीट वाचता येतात. पोलराइज्ड गॉगल घालून सगळ्या बाजूंनी बघून घे म्हणालात तेही ऐकलं, एक मॉडेल तर आडव्या नजरेने पार काळं दिसत होतं. रडार राहिलं, ते नाही घेतलं, आणि होकायंत्र काढायला निघालो होतो ते तुम्ही काढू दिलं नाहीत, फक्त स्क्रीनपासून जरा लांब सरकवायला लावलंत.

तुमचा मीटर अजून माझ्याच बोटीत पडलाय. रविवारी आणतो, आणि हो, त्याची बॅटरी मीच संपवलीय, नवीन घालूनच आणेन.